धनकवडीतल्या पार्किंगसाठी मोटारसायकलचा अलार्म : प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

भाचा चाकणला नोकरीला लागल्यापासून आमच्याकडेच पुण्यात राहतो. दुसऱ्या पाळीवरून घरी पोचायला रात्रीचा एक वाजतो. गाडी दीडशे सीसीची, २०२१ ची, बीएस-६, फ्युएल इंजेक्शनवाली. गेल्या महिन्यात बी विंगमधल्या काकांची मोटारसायकल आमच्याच पार्किंगमधून रात्रीत गेली. हँडल लॉक केलेलं होतं. कोणालाही काही ऐकू आलं नाही. दादाचा, म्हणजे भाच्याच्या वडिलांचा, साताऱ्याहून फोन आला, "तू इन्स्ट्रुमेंटेशनमधली आहेस, काय बसवायचं ते तूच ठरव." म्हणून ही वही.

आधी चोराची बाजू. हँडल लॉक म्हणजे लोखंडाची एक छोटी खिट्टी. हँडलला जोराचा हिसका दिला की ती तुटते. मग इग्निशनचा कपलर (वायरींची जोडणी) काढून वायरी जोडायच्या, म्हणजे गाडी डायरेक्ट करायची. जुन्या गाडीचं लॉक झिजलेलं असेल तर घासलेली दुसरी चावीही लागते. तिसरा प्रकार म्हणजे गाडी चालू न करताच ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची, किंवा दोघांनी उचलून टेम्पोत टाकायची. या तिन्हीत एक गोष्ट सारखी आहे : गाडी साइड स्टँडवरून सरळ उभी करावीच लागते किंवा उचलावी लागते. हे लक्षात ठेवायचं.

आता आमची बाजू. चार मजली इमारत, पार्किंग उघडं, रात्री वॉचमन नाही, फाटकाची कडी कोणी लावतं, कोणी नाही. समोरून उशिरापर्यंत ट्रक जातात. चाकणला कंपनीच्या आवारात सुरक्षारक्षक आहेत, तिथली चिंता नाही. अलार्म निवडायचा तो या पार्किंगसाठी.

१३ जुलै, रविवार

अलार्म गाडी धरून ठेवत नाही, तो फक्त हाक मारतो. गाडी धरून ठेवायला साखळी लागते. म्हणून पहिला खर्च साखळीचा : कडक पोलादाची, मागच्या चाकातून आणि चेसिसमधून घालून पार्किंगच्या खांबाला. नुसती चाकातून घातलेली साखळी गाडी उचलून नेणाऱ्याला अडवत नाही, खांब हवाच. हा विषय इथे संपला.

डिस्कला लावायच्या अलार्मवाल्या कुलपाचाही विचार केला. वायरिंगला हात लागत नाही, बटणाएवढ्या एलआर४४ सेलवर चालतं, खिशात मावतं. शिवाजीनगरला किंवा सिनेमाला गाडी लावायची तर उत्तम. पण आवाज लहान, आणि रात्री एकला पेंगत आलेल्या मुलाने ते रोज वाकून लावावं ही अपेक्षा टिकणार नाही. शिवाय सकाळी काढायचं राहिलं आणि गाडी पुढे घेतली तर डिस्क आणि कॅलिपर दोन्हीला मार. आमच्या गरजेला वायरिंगमध्ये बसणारा, रिमोटवाला अलार्मच.

१९ जुलै, शनिवार

सकाळी नाना पेठ, दुपारी बुधवार पेठेत तपकीर गल्ली. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत किट डझनाने टांगलेले. सगळ्या खोक्यांवर डेसिबलचे आकडे मोठे, बाकी माहिती बारीक अक्षरात किंवा नाहीच. एका दुकानदाराने काउंटरवरच सायरन वाजवून दाखवला आणि रस्त्यावरचे लोक थांबले. मी विचारलं, "हा उभा असताना बॅटरीतून किती मिलिअँपिअर खातो?" ते म्हणाले, "मॅडम, आजवर हे कोणी विचारलं नाही."

दुसरा प्रश्न रिमोटचा. स्वस्त किटमध्ये रिमोटचा कोड कायमचा ठरलेला असतो. बटण दाबलं की ४३३ मेगाहर्ट्झवर तोच आकडा पुन्हा पुन्हा जातो. तो एकदा पकडला की नक्कल तयार. असा नकली रिमोट तपकीर गल्लीत फाटकांच्या मोटारींसाठी उघड विकतात, आणि त्यात गैर काही नाही, लोकांचे रिमोट हरवतात. पण अलार्मला हे चालणार नाही. रोलिंग कोडवाल्या रिमोटमध्ये दर वेळी आकडा बदलतो, जुना आकडा परत वाजवला तर अलार्मची पेटी ऐकत नाही. दुकानात सगळेच "हो हो, रोलिंग आहे" म्हणतात. त्यामुळे खोलून बघणं आलं. एका किटच्या रिमोटमध्ये ईव्ही१५२७ जातीची चिप निघाली. ती ठरलेल्या कोडचीच. दुसऱ्यात एचसीएस३०१, म्हणजे खरा रोलिंग कोड.

दोन्ही किट घेतले. तुलना करायला स्वस्तातलाही हवाच. पुढे त्यांना पहिला आणि दुसरा म्हणेन.

२६ जुलै, शनिवार

आज टेबलावर मोजमाप. बारा व्होल्टचा सप्लाय, मध्ये मल्टिमीटर, आधी दहा अँपिअरच्या रेंजवर आणि मग मिलिअँपिअरवर. सायरन सुटला की करंट एकदम चढतो. लहान रेंजवर मीटर ठेवून अलार्म वाजवला तर मीटरचा फ्यूज जातो, हे भाच्याला आधीच सांगून ठेवलं.

पहारा चालू ठेवून शांत असताना पहिला किट २१ मिलिअँपिअर खातो, दुसरा ५. गाडीचं स्वतःचं मीटर-घड्याळ चावी काढल्यावरही दीड मिलिअँपिअर खातं. गाडीच्या बॅटरीवर ८ अँपिअर-अवर छापलंय, तो तिचा साठा. सेल्फ मारण्यापुरता जीव राहायला हवा तर निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, म्हणजे आपल्या हातात ४. पहिल्या किटने दिवसाला ०.५४ अँपिअर-अवर जातील, आठवडा उलटला की सेल्फ बंद. दुसऱ्याने ०.१६, म्हणजे साधारण पंचवीस दिवस. भाचा गणपतीत एसटीने साताऱ्याला जातो, गाडी इथे उभी राहते. बीएस-६ ची इंजेक्शनवाली गाडी, बॅटरी पार झोपली तर किक मारूनही पेट्रोलच्या पंपाला पुरेसं व्होल्टेज मिळेल याची खात्री नाही, आणि या गाडीला तर किकच नाही. पहिला किट इथेच बाद व्हायला हवा होता, पण त्याचा सेन्सर बघायचा आहे म्हणून ठेवला.

लहान बॅटरीच्या गाड्यांत हा हिशेब आणखी कडक. शंभर-सव्वाशे सीसीच्या कित्येक गाड्यांना ३ किंवा ४ अँपिअर-अवरचीच बॅटरी असते. तिथे २१ मिलिअँपिअरचा किट तीन-चार दिवसांत निम्मी बॅटरी संपवेल. अलार्म घेताना हा आकडा मागितलाच पाहिजे, आणि दुकानदाराने नाही दिला तर स्वतः मोजला पाहिजे. बॅटरी बसल्यावर लोक अलार्मची वायर उपटून टाकतात, आणि तिथे त्याचं आयुष्य संपतं.

आवाजाचंही गणित केलं. खोक्यावर १२० डेसिबल. किती अंतरावर, ते छापलेलं नाही. एका मीटरवर ११० धरले तरी अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डेसिबल कमी होतात. सोळा मीटरवर ८६. बंद खिडकी आणखी वीसेक खाते. चौथ्या मजल्यावर पंख्याखाली झोपलेल्या माणसापर्यंत साठ-पासष्ट पोचतात. जाग यायला पुरे. म्हणजे आवाज कमी पडत नाही. जाग आलेला माणूस उठून खिडकीशी येतो की कूस बदलतो, प्रश्न तिथे आहे. ते ठरतं आधी तो अलार्म किती वेळा उगाच वाजला त्यावर.

हे वाक्य मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण इथून पुढे सगळी निवड याच कसोटीवर करणार आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

इंजिन बंद करणारी वायर. दोन्ही किटमध्ये ती आहे, आणि प्रत्येक दुकानात तिचंच कौतुक जास्त झालं : "चोराने गाडी चालू केली तरी बंद पडेल." आज दिवसभर यावरच बोलणं झालं.

काम साधं. इग्निशनचा सप्लाय रिलेमधून, म्हणजे विजेवर चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून न्यायचा. रिले दोन प्रकारे जोडता येतो. एकात रिलेला करंट नसताना वाट जोडलेली राहते. अलार्मची पेटी मेली तरी गाडी चालते, पण मग चोराने पेटीचा फ्यूज काढला की त्याचीही गाडी चालते. दुसऱ्यात उलटं : पेटी जिवंत असेल तरच वाट जुळते. सुरक्षा जास्त, पण रस्त्यात पेटीत पाणी गेलं, एखादा जॉइंट हलला, की चालत्या गाडीचं इंजिन बंद. वर गाडी चालू असेपर्यंत रिलेची कॉइल दीडशेएक मिलिअँपिअर खात राहणार ते वेगळंच.

पहिल्या किटमध्ये आणखी एक सोय आहे. गाडी चालू असतानाही रिमोटचं बटण धरून ठेवलं की इंजिन तुटतं, गाडी हिसकावून नेणाऱ्यासाठी म्हणून. भाचा रोज कात्रजकडून बायपासला लागतो, नवले पुलाच्या उतारावरून जातो. मागे भरलेले ट्रेलर असतात. तो उतार पुण्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि तिथे किती अपघात झालेत तेही. रिमोट जीन्सच्या खिशात, पाय टाकीला घट्ट, आणि त्या दाबाने बटण दाबलं गेलं तर? गाडी गेली तर विमा आहे, कर्ज आहे, दादा आहे. मी चालत्या गाडीचं इंजिन तोडणारी कुठलीही गोष्ट या गाडीत बसवणार नाही.

भाच्याचं म्हणणं, "आत्या, मग पंपाच्या वायरीत एक लपवलेला स्विच टाकू. हाताने दाबायचा, रिमोटचा संबंध नाही." विचार चांगला आहे. पण त्यासाठी मूळ वायरिंग कापावं लागेल, आणि गाडी अजून वॉरंटीत आहे. मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापला की पुढे कुठलाही इलेक्ट्रिकचा दोष निघाला तरी बोट त्याच जॉइंटकडे जाणार. वॉरंटी संपल्यावर बघू. तोवर दुसऱ्या किटची इंजिन कटची वायर टोकाला टेप मारून गुंडाळून ठेवायची. निर्णय पक्का.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखी पौर्णिमा, आज चाचणी. खोटे अलार्म कशाने होतात ते बघायला पुण्यात या दिवसांत याहून चांगली जागा नाही : नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालू आहेत. दोन्ही किट वेगळ्या बॅटरीवर, झिप टायने गाडीच्या चेसिसला बांधले आणि संध्याकाळी म्हात्रे पुलाच्या बाजूला रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. सायरनच्या जागी बल्ब लावला होता, लोकांना त्रास नको.

पहिल्या किटचा सेन्सर म्हणजे स्प्रिंग आणि पायझोची (दाबली की वीज देणारी) चकती. धक्का बसला की सिग्नल. ढोल सुरू झाला आणि बल्ब ठेक्यावर पेटायला लागला. स्क्रू फिरवून संवेदना कमी केली, ढोल थांबले, पण मग सीटवर हाताने जोरात थापटलं तरी पेटेना. मधली जागा सापडली तेवढ्यात एक पीएमपी बस शेजारून गेली आणि पुन्हा पेटला. याला धक्का एवढंच कळतं, कशाचा ते कळत नाही.

दुसऱ्यात तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल मोजणारी चिप आहे. तो गुरुत्वाकर्षणाची दिशाही बघतो. ढोलाचं कंपन सेकंदात कितीतरी वेळा पुढे-मागे होतं, त्याची बेरीज शून्य. पण साइड स्टँडवर कललेली गाडी सरळ केली की खालची दिशाच बदलते, सावकाश आणि कायमची. फोनमधल्या लेव्हलवर मोजलं, आमच्या गाडीत तो फरक सुमारे दहा अंशांचा आहे. पेटीला सांगायचं की धक्क्याकडे कमी लक्ष दे, कल बदलला की ओरड. पथक पूर्ण जोरात वाजत असताना बल्ब विझलेला राहिला. भाच्याने गाडी हळूच, चोराच्या सावधपणाने सरळ केली आणि बल्ब लगेच पेटला. मग हँडलला हिसका दिला, तेव्हाही पेटला.

पथकातली दोन मुलं येऊन काय चाललंय ते विचारून गेली. त्यातल्या एकाने स्वतःच्या गाडीचा अलार्म याच त्रासाने काढून टाकला होता. त्याला स्क्रू कुठे असतो ते दाखवलं.

हा फरक दुकानात कोणी सांगत नाही आणि खोक्यावर "शॉक सेन्सर" एवढंच असतं. मला विचाराल तर कल ओळखणारा सेन्सर नसेल तर पुण्यात रस्त्याकडेच्या इमारतीत अलार्म बसवूच नये. महिन्याभरात शेजारी वैतागतील आणि खऱ्या रात्री कोणी उठणार नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

जीपीएस ट्रॅकरचा आग्रह दादाचा. अलार्मला तो पर्याय नाही, गाडी गेल्यानंतरची सोय आहे. स्वस्त ट्रॅकर अजून टूजीवर चालतात, त्यात जिओचं सिम चालत नाही कारण जिओकडे टूजी नाहीच. दुसऱ्या कंपनीचं सिम, त्याचं रिचार्ज चालू ठेवायचं. तळघरात किंवा बंद टेम्पोत उपग्रह दिसत नाहीत, तेव्हा शेवटची जागाच दिसत राहते.

भाचा जरा गप्प झाला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी कुठे आहे ते बाबांना कायम दिसणार?" त्याचा प्रश्न रास्त आहे. तो कमावता आहे. ट्रॅकर घेतला तर खातं आणि पासवर्ड त्याचाच, मी दादाला तसं स्पष्ट सांगितलं. सध्या घेत नाही.

विम्याचे कागद काढले. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो याचा २०२६ पर्यंत आहे. पण थर्ड पार्टीत चोरी येत नाही. चोरीसाठी ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) हवा, तो वर्षावर्षाला भरावा लागतो, आणि याचा संपलेला निघाला. फक्त ओन डॅमेजचा वेगळा विमा मिळतो, आजच अर्ज केला. मूळ दोन्ही चाव्या कुठे आहेत तेही शोधलं, कारण चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही मागते. एक आमच्या कपाटात, दुसरी साताऱ्याला देवघराच्या खणात. एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण असेल तर हप्त्यात थोडी सूट मिळू शकते. एआरएआय इथेच कोथरूडला, वेताळ टेकडीवर. आमच्या किटवर तसा शिक्का नाही, त्यामुळे तो विषय सोडला.

२४ ऑगस्ट, रविवार

बसवलं. स्वारगेटच्या बाजूला एक फिटर आहेत, त्यांच्या हाताला सफाई आहे. त्यांनी सीट आणि साइड पॅनेल काढलं, वायरी मी जोडल्या.

पेटीचा प्लस थेट बॅटरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात स्वतंत्र फ्यूज. इंडिकेटरच्या वायरीही न कापता, मध्ये जोड-कपलर टाकून घेतल्या. तो कपलर फिटरनीच जुन्या वायरिंग किटमधून काढून दिला, म्हणजे उद्या सगळं उपटलं तरी गाडी मूळ स्थितीत येते. पिळून टेप मारलेला एकही जॉइंट नाही, सगळे सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). पावसाळ्यात टेपच्या आत पाणी चढतं आणि हिरवं पडतं, पुण्यातल्या गाड्यांचे निम्मे वायरिंगचे रोग तिथले. पेटी सीटखाली, चार स्क्रूंनी चेसिसला घट्ट. ती हलली तर कल चुकीचा वाचेल, दुतर्फा टेपवर भरवसा ठेवला नाही. सायरन सायलेन्सरपासून लांब, तोंड खाली, म्हणजे पाणी साचणार नाही. त्याची स्वतःची छोटी बॅटरी आहे, मुख्य बॅटरीची वायर कापली तरी वाजतो. करून बघितलं, वाजला.

सायरन तीस सेकंदांवर ठेवला. हलक्या धक्क्याला काहीच नाही, नुसती चिवचिवसुद्धा नाही. मांजर सीटवर चढतं, मुलं आरशात बघतात, त्यांना चालू दे.

संध्याकाळी इमारतीत सगळ्या घरी जाऊन सांगितलं : हा असा आवाज, मी मुद्दाम एकदा वाजवणार, यापुढे वाजला तर खरंच काहीतरी आहे असं समजा, दिवा लावा आणि खिडकीत या. खाली एकट्याने उतरू नका, ११२ ला फोन करा. बी विंगमधले काका म्हणाले, "मी रात्री जागाच असतो, मी बघेन." त्यांची गाडी अजून मिळालेली नाही. त्यांनी दुसऱ्या गाडीसाठी याच किटचं नाव लिहून घेतलं.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली. भाचा साताऱ्याहून आज आला. दीड आठवडा गाडी हलली नव्हती आणि पहारा पूर्ण वेळ चालू होता. बॅटरी चावी न लावता १२.५ व्होल्ट, सेल्फ पहिल्या दाबाला लागला. गल्लीच्या मंडळाची मिरवणूक फाटकासमोरून गेली, दोन पथकं आणि स्पीकर. सायरन वाजला नाही. तळमजल्यावरच्या वहिनींनी स्वतःहून सांगितलं.

एकदाच वाजला, गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी. पाहुण्यांनी आपली स्कूटर बाहेर काढायला भाच्याची गाडी सरळ करून बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, साखळी खांबाला होती त्यामुळे ती फार हललीच नाही. तीन खिडक्या उघडल्या. यावर उपाय : भाच्याच्या गाडीची जागा बदलून भिंतीकडची घेतली, सेक्रेटरींनी होकार दिला.

शिल्लक कामं : रिमोटमध्ये १२ व्होल्टचा २३ए सेल आहे, एक जादा घरात आणून ठेवायचा. पावसाळा संपल्यावर सीट काढून फ्यूज होल्डर आणि कपलर उघडून बघायचे. लक्ष्मीपूजनाआधी सुतळी बॉम्बच्या धक्क्याला सेन्सर काय करतो ते बल्ब लावून तपासायचं. काकांच्या गाडीची बॅटरी ४ अँपिअर-अवरची आहे, त्यांना किट देण्याआधी तिचा हिशेब वेगळा करून द्यायचा : ६.५ मिलिअँपिअरने साधारण बारा-तेरा दिवस. ते डिसेंबरात मुलीकडे महिनाभर जातात, तेव्हा निघताना अलार्मचा फ्यूज काढून फक्त साखळी लावायची, किंवा आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवायचं काम भाच्याने घ्यायचं. भाचा हो म्हणालाय.